'वॉन्ट' आणि उणे

मराठी माध्यमातून इंग्रजी वाङ्मयाकडे वळलेल्या विद्यार्थ्याला 'वॉन्ट' हा शब्द प्रथम भेटतो तो 'पाहिजे' या अर्थाने, आणि पदव्युत्तर वर्गापर्यंत तोच अर्थ त्याची सोबत करतो. त्यामुळे जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीचे पहिलेच वाक्य त्याला चकवते. धनवान अविवाहित पुरुषाला पत्नी 'हवी' असते, असे तो वाचतो. ऑस्टिनचा रोख निराळा आहे. पत्नीची उणीव त्या पुरुषाला जाणवते की नाही, हे तेथे कोणी विचारीतच नाही. शेजारपाजारच्या उपवर मुलींच्या घरांनी ती परस्पर ठरवून टाकलेली असते. उणीव आणि इच्छा यांतील हे अंतर पुसले गेले, की वाक्यातला उपरोधही पुसला जातो.

जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात कमी असणे, अपुरे पडणे एवढेच सांगे. मध्ययुगीन इंग्रजीत तो अशा रचनेतही येई, की ज्याला कमी पडे ती व्यक्ती वाक्याचा कर्ता नसे. मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. 'मला उणे पडते' या वाक्यातही 'मी' कर्त्याच्या जागी नाही. इच्छेचा अर्थ त्यावर चढला तो पुष्कळ उशिरा, अठराव्या शतकाच्या सुमारास.

मराठीशी असलेले हे साम्य केवळ रचनेचे नव्हे. संस्कृत 'ऊन' आणि इंग्रजी 'वॉन्ट' ही एकाच भारोपीय धातूची अपत्ये होत. आपले 'उणे', 'न्यून', इतकेच काय 'एकोणीस'मध्ये दडलेले 'ऊन' हे सारे त्याच कुळातले. १६११ च्या इंग्रजी बायबलातील तेविसाव्या स्तोत्रात आरंभीच हा शब्द येतो, आणि रूढ मराठी बायबलात त्या जागी 'उणे पडणे' आहे. भाषांतरकारांनी व्युत्पत्तीचा शोध घेतला असेल असे नव्हे. अर्थाचा माग काढता काढता ते नात्यातल्याच शब्दापाशी पोहोचले.

हे नाते आजच्या समीक्षेच्या उपयोगाचे आहे. लाकाँच्या 'मांक-आ-एत्र' या संज्ञेसाठी 'वॉन्ट-टू-बी' हा इंग्रजी पर्याय खुद्द लाकाँने सुचविला होता. ॲलन शेरिडन यांनी 'एक्री'च्या १९७७ च्या अनुवादात तशी नोंद केली आहे. उणीव आणि तिच्यातून उपजणारी इच्छा या दोहोंना एकत्र धरणारा दुसरा शब्द इंग्रजीत सहजी सापडला नसता. मराठीत येथे 'अभाव' चटकन सुचतो. पण तो फसवा आहे. वैशेषिकांच्या मते अभाव हा एक पदार्थ होय. भूतलावर घट नाही म्हणून भूतलाला काही उणे पडत नाही. उणे पडते ते कोणाला तरी. म्हणून 'उणीव' अधिक जवळची, जरी इच्छेचा धागा तिच्यातून निसटतो. तो 'पाहिजे'त आहे. तेथे मात्र उणीव दिसेनाशी होते. ही अडचण नवा संस्कृत शब्द घडवून सुटण्यासारखी नाही.

प्रश्न केवळ परिभाषेचा असता तर एवढा खल करण्याचे कारण नव्हते. जानेवारी १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे चार स्वातंत्र्ये मांडली. त्यांतले तिसरे 'वॉन्ट'पासूनचे होते. ते इच्छेपासूनचे मानले तर रूझवेल्ट वैराग्याचा उपदेश करीत होते असे म्हणावे लागेल! १९४२ च्या बेव्हरिज अहवालातील पाच राक्षसांतही 'वॉन्ट' आहे, आणि त्याचा अर्थ दारिद्र्य, उपजीविकेला पुरेसे नसणे, असा आहे. ही उणीव बाहेरून दिसते, मोजता येते, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी इतरांवर येते. इच्छा ज्याची त्याची. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत हल्ली 'नीड' आणि 'वॉन्ट' असे दोन रकाने पाडतात. बेव्हरिज यांचा शब्द तेथे दुसऱ्या रकान्यात, नसल्या तरी चालतील अशा वस्तूंच्या माथ्यावर, छापलेला असतो.