मांजरेच्या खालच्या अंगाला

हैदराबादला गेलं की चारमिनार नि बांगड्या यांतच दिवस सरतो. आम्ही यंदा शहराच्या कडेच्या पटनचेरूलाही गेलो. इथं औषधांचे कारखाने पुष्कळ. त्यांचं सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध करून ओढ्यात सोडत. तो ओढा पुढे मांजरेला मिळतो. हो, आम्हा लातूरकरांचीच मांजरा! आमच्या नळाला वरच्या अंगाचं पाणी, म्हणून बरं. पण खालच्यांचं काय?

२००७ साली स्वीडिश शास्त्रज्ञांचा अहवाल आला. त्या ‘शुद्ध’ पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन! गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातही एवढं नसतं. अशा पाण्यात जंतू औषधाला सरावतात. मग पोराच्या तापाला तीच गोळी लागू पडत नाही.

घरी येऊन औषधांचा डबा आवरला. उरलेल्या गोळ्या नेहमीसारख्या मोरीत टाकणार, तोच हात आखडला.