चोर्ल्याची वाट आणि टपावरचे ओझे

बेळगावहून गोव्यास उतरणाऱ्या वाटा अनेक आहेत; परंतु आपल्या कुटुंबांच्या नित्य परिचयाची वाट म्हणजे चोर्ला घाटाची. पिरनवाडीपाशी खानापूरचा रस्ता सोडून ती जांबोटीकडे वळते आणि दाट रानातून मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी गाव गाठते. पुढे कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा यांच्या सीमा जेथे जवळ येतात त्या चोर्ल्याच्या माथ्यावरून वळणे घेत ती केरीस उतरते व साखळीमार्गे जुन्या गोव्याकडे जाते. कणकुंबी समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंच, तर जुने गोवे मांडवीच्या काठी. एवढी उतरण मोटारीस काही तासांतच पार करावयाची असते.

नोव्हेंबरच्या अखेरीस ह्या वाटेस वेगळेच रूप येते. संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला; त्याआधीचा नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होतो. त्या दिवसांत बेळगावकडचे कित्येक भाविक पायी गोव्यास निघतात. ऊन टाळण्यासाठी ते पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने चालत असतात. त्याच रस्त्याने मोटारींतून सहकुटुंब जाणारेही पुष्कळ. आजी, मुले, पाहुणे मिळून सर्व बैठका भरल्या, की अंथरुणे, कपड्यांच्या बॅगा आणि स्वयंपाकाची भांडी कोठे ठेवावयाची, हा प्रश्न उभा राहतो. मग टपाकडे दृष्टी जाते.

वाचकहो, टपावर सामान बांधणे हा केवळ आपल्या घरचा प्रश्न नव्हे. ते सुटले, तर बहुधा आपल्या अंगावर पडत नाही. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर अथवा कडेने चालणाऱ्या यात्रेकरूवर पडते. म्हणून टपाच्या आडव्या दांड्यांची निवड त्या अनोळखी माणसास डोळ्यांसमोर ठेवून करावी.

पहिला प्रश्न असा की, आपल्या मोटारीस दांड्या कोठे पकडावयाच्या? जुन्या अँबॅसडरच्या टपाच्या दोन्ही कडांस पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असे. मारुती ओम्नीलाही ती होती. अशा पन्हळीत कॅरियरचे पाय बसवून चाप आवळले, की काम झाले. ह्या दोन्ही गाड्या आता कारखान्यांतून बाहेर पडत नाहीत, आणि नव्या बहुतेक मोटारींस तशी पन्हळ नाही. काहींच्या टपावर दोन्ही बाजूंनी उंच रेल असतात, काहींस झाकणाखाली लपविलेली बोल्टांची भोके असतात, आणि काहींचा टप अगदी सपाट असल्यामुळे दरवाजाच्या चौकटीत अडकणाऱ्या पकडी घ्याव्या लागतात. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पुष्कळ गाड्यांवरील रेल केवळ शोभेच्या असतात. त्या ओझे पेलण्यासाठी केलेल्याच नसतात. हातास घट्ट लागल्या, एवढ्यावर त्यांचा भरवसा धरू नये. मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका काय सांगते ते वाचावे. तीत टपावरील वजनाची मर्यादा दिलेली नसेल, तर टपावर काही बांधू नये, हेच शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न वजनाचा. लहान मोटारींस ही मर्यादा बहुधा ५० किलोंच्या आसपास असते, आणि तीत दांड्यांचेही वजन धरावे लागते. दांड्या ५ किलोंच्या असतील, तर सामानास ४५ किलोच उरले. शिवाय संपूर्ण मोटारीच्या एकूण भाराची मर्यादा निराळी असते. सात माणसे आत बसली, तर टपासाठी फारसे काही शिल्लक राहत नाही. घरच्या तराजूवर प्रत्येक बोचके तोलून आकडे कागदावर मांडण्यास अर्धा तासही लागत नाही.

आता बसविण्याची रीत. प्रथम टप पुसून कोरडा करावा, कारण रबराच्या गादीखाली राहिलेली वाळू रंग खरवडते. दोन दांड्यांतील अंतर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मापून घ्यावे. दोन्ही दांड्या समांतर असाव्यात आणि दोन्ही बाजूंस सारख्याच बाहेर याव्यात. एक बाजू एकदम आवळू नये. पाना आळीपाळीने फिरवून दोन्ही बाजू थोड्या थोड्या घट्ट कराव्यात. मग दांडी धरून जोराने हलवून पाहावी. दांडीबरोबर सगळी मोटार डुलली पाहिजे. दांडी एकटी सरकली, तर पुन्हा आवळावी.

जड वस्तू डिकीत, हलक्या व फुगीर वस्तू टपावर, हा नियम मोडू नये. तांब्याचे पातेले खाली ठेवावे, गादीची वळकटी वर. टपावर भार चढला, की मोटारीचा तोल उंचावतो आणि वळणावर ती बाहेरच्या बाजूस अधिक कलते. जांबोटी-कणकुंबीच्या रानात कधी गवा आडवा येतो. जोराने ब्रेक लावला, तर ५० किलोंचे सामान सुमारे ४० किलोंच्या जोराने पुढे झेपावू पाहते. म्हणून आडव्या पट्ट्यांखेरीज पुढून मागे जाणारा पट्टाही हवा. ताणणाऱ्या रबरी दोऱ्यांवर विसंबू नये. न ताणणारे रुंद पट्टे घ्यावेत. ताडपत्रीची टोके मोकळी सोडू नयेत. वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला स्थिर असलेली ताडपत्री ८० ला फाटू लागते.

कायद्याचीही जाण असावी. सामान मोटारीच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे अथवा मर्यादेहून उंच गेल्यास, २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड सांगितला आहे. मोटारीत कायमचा फेरफार करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

प्रवासात जांबोटीस पाच मिनिटे थांबावे. नवे पट्टे पहिल्या काही किलोमीटरांत सैल पडतात. ते तेथे पुन्हा ओढावेत. दुसरी तपासणी चोर्ल्याच्या माथ्यावर, उतरण लागण्यापूर्वी करावी आणि तेथून खालच्या गियरमध्ये सावकाश उतरावे. अंजुणे धरणाचे पाणी खाली झाडीतून चमकू लागते तेव्हा मुलांनी ते डोळे भरून पाहावे. चालकाने मात्र दृष्टी रस्त्यावरच ठेवावी. कडेने चालणाऱ्यांच्या शेजारून जाताना वेग अधिकच कमी करावा.

घरी परतल्यावर दांड्या काढून ठेवाव्यात. रिकाम्या दांड्याही वारा अडवितात आणि इंधन उगाच खर्ची पडते. काढतेवेळी बोल्ट व रबरी गाद्या एका पिशवीत घालून ती दांडीलाच बांधावी, म्हणजे पुढील वर्षी शोधाशोध होणार नाही. आणि ह्या वर्षी निघताना चालत जाणारे कोणी शेजारी असतील, तर त्यांच्या बोचक्यासाठी चार-पाच किलोंची जागा आधीच हिशेबात धरावी. मात्र तीही मर्यादेच्या आत.