पुन्हा पहिल्यापासून

माझा भाचा बिरसीला विमान चालवायला शिकतो. गोंदिया १९९९ पर्यंत आमच्या भंडारा जिल्ह्यातच होता, त्यामुळे अम्मीला तो अजून घराच्या अंगणातच उडतो असं वाटतं.

परवा धुक्यानं दोन तास गेले. मग विमानाभोवती फिरून तपासणी करत असताना माझा फोन आला, आणि त्यानं तो उचलला.

"मामू, आता सगळं पुन्हा पहिल्यापासून!"

"जिथं थांबलास तिथून कर ना."

तसं चालत नाही म्हणे. मध्येच तुटलं की न पाहिलेलंही पाहिल्यासारखं वाटतं, इंधनाच्या टाकीचं झाकण उघडंच राहतं. त्यात उशिराची घाई.

त्याची पाळी हुकली. फी मीच भरतो, तरी बोललो नाही.

आता सकाळी मी फोन करत नाही. अम्मी करते, तो उचलत नाही.