वेगाचें अंगण

वेगाची आवड हा तारुण्याचा दोष आहे, असें म्हणणारांच्या पंगतीस बसावयास आम्ही तयार नाहीं. ज्या मुलुखांत शंकरपटाची जोडी सुटतांच म्हातारेकोतारेही बसल्या जागेवरून उठून उभे राहतात, त्या मुलुखांतील माणसानें तर तसें मुळींच म्हणूं नये. प्रश्न आवडीचा नाहीं; ती कोठें पुरवावी, याचा आहे. आणि हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं, हेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

आमचें गांव कुरुंदा. वसमत तालुक्यांतील हें गांव जवळच्या टोकाईच्या गडामुळें, उंसामुळें आणि हळदीमुळें आसपास माहीत आहे. पूर्वी येथें मोटार आली म्हणजे पोरें धुरळ्यांतून तिच्यामागें धांवत. आतां मोटारींत कोणास नवल उरलें नाहीं. नवल उरलें आहे तें वेगाचें. आमचा भाचा पुण्यास यंत्रशास्त्र शिकतो. गेल्या मे महिन्यांत तो सुटीस आला, तो एक जुनी लहान मोटार आणि एक नवा वाद घेऊन. वाद असा : शिकवण्या करून त्यानें जे चार पैसे जमविले, त्यांत एक दिवस चेन्नईजवळच्या खऱ्या शर्यतीच्या ट्रॅकवर मोटार हांकावी, कीं तेच पैसे पुरवून पुरवून वर्षभर ऑटोक्रॉसच्या मैदानांत घालवावेत? “मामा, तुम्हीच काय तें सांगा,” तो म्हणाला, “आईला विचारलें तर ती दोन्ही नको म्हणेल.”

ऑटोक्रॉस म्हणजे काय, हें वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मोटारी उभ्या करण्याचें एखादें मोठें फरसबंद पटांगण सुटीच्या दिवशीं रिकामें असतें. त्यावर रबरी शंकू मांडून एक वांकडीतिकडी वाट आंखतात. आपल्याकडे मातीच्या मैदानांतील अशा शर्यतींसही हेंच नांव देतात. या वाटेनें एका वेळीं एकच मोटार सोडतात आणि घड्याळ लावून तिचा वेळ मोजतात. शंकू पडला कीं दंड. अमेरिकेंतील स्पोर्ट्स कार क्लबच्या नियमांत दर शंकूस दोन सेकंद वाढवितात. वाट दर खेपेस नवी असल्यामुळें आरंभीं सर्व मंडळी ती पायीं चालून पाहतात आणि वळणें मनांत पाठ करतात. फेरी बहुधा मिनिटभरांत आटोपते, आणि दिवसभरांत वांट्यास येणाऱ्या फेऱ्या चार-सहाच. उरलेल्या वेळीं दुसऱ्यांचे पाडलेले शंकू उचलून जागच्या जागीं ठेवावयाचे! पहांटे उठून, उन्हांत उभें राहून, हातीं लागतात तीं पांच मिनिटें. व्यवहारी माणसास हा सौदा बुडीतच वाटेल.

ट्रॅकची गोष्ट निराळी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील ट्रॅक १९९० सालीं सुरू झाला; त्याची लांबी सुमारें ३.७ किलोमीटर. ग्रेटर नोइडाचें बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचें असून तेथें २०११ पासून २०१३ पर्यंत तीन वर्षें फॉर्म्युला वनची भारतीय शर्यत झाली. अशा ट्रॅकवर हौशी माणसास पैसे भरून, हेल्मेट घालून, स्वतःची मोटार हांकण्याचे दिवस ठेवलेले असतात. तेथें वाट बदलत नाहीं. तेंच वळण वीस वेळां येतें आणि वीस वेळां हांकणाराची परीक्षा पाहतें. मागेंपुढें दुसऱ्या मोटारी असतात. कडेस निशाणें घेऊन माणसें उभीं असतात : पिवळें दिसलें कीं पुढें धोका आहे, ओलांडून जाऊं नये, निळें दिसलें कीं मागून अधिक वेगाची मोटार येत आहे, लाल दिसलें कीं सर्वांनीं आवरतें घ्यावें.

या दोहोंतील खरा भेद गणितानें कळतो. ताशीं पन्नास किलोमीटरनें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें चौदा मीटर जाते. दीडशेनें जाणारी बेचाळीस मीटर. म्हणजे डोळ्याचें पातें लवावें तों घराची लांबी मागें पडली! परंतु येवढ्यावर भागत नाहीं. वेग तिप्पट झाला म्हणजे मोटारींत सांठलेली शक्ति तिप्पट नव्हे, नऊपट होते. आणि मोटार थांबवावयाची तर ती सारी ब्रेकांस उष्णतेच्या रूपानें गिळावी लागते. पटांगणांत मिनिटभराच्या फेरींत ब्रेकांचा कस फारसा लागत नाहीं. ट्रॅकवर चार फेऱ्यांतच साध्या मोटारीचे ब्रेक तापतात, त्यांतील तेल उकळूं लागतें, आणि पायाखालचा दांडा एकाएकीं लोण्यासारखा मऊ लागतो. टायरही तापून निसटूं लागतात. मोटार हें जड पदार्थाचें ओझें आहे, ही गोष्ट पटांगणांत ऐकून कळते. ट्रॅकवर ती पोटांत गोळा उठवून कळते.

यावरून ट्रॅकवाले पटांगणवाल्यांस हिणवतात कीं, तुमचा हा शंकूंचा खेळ म्हणजे लुटुपुटीची लढाई. पटांगणवाले उलट म्हणतात कीं, तुमच्या लांब सरळ रस्त्यावर इंजिन धांवतें, माणूस नव्हे. आम्हांस या वादाची आमच्याकडील एका जुन्या वादाशीं सोयरीक दिसते. विदर्भ-मराठवाड्याच्या शंकरपटांत बहुधा हलक्या छकडीस जोडी जुंपून ठराविक अंतर किती सेकंदांत तोडलें, यावर निकाल लावतात. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या एकदम शेजारीं शेजारीं सोडण्याची रीत आहे. पहिलींत प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर नसतो. घड्याळ हाच वैरी. जोडी किंचित् तिरपी गेली तर तें खापर दुसऱ्या कोणावर फोडतां येत नाहीं. दुसरींत शेजारची गाडी आपल्या बैलांसही चेतवते आणि धुरकऱ्यासही. तेथें कौशल्याबरोबर धीर लागतो, आणि दुसरा काय करील याचा अंदाज लागतो. यांत थोर कोण आणि धाकटा कोण, हें ठरविणें व्यर्थ आहे. पण शिकणारानें कोठून आरंभ करावा, हें मात्र ठरवितां येतें.

आमच्या मतें आरंभ पटांगणांत व्हावा. आणि त्याचें कारण पैसा वांचतो हें नव्हे. कारण हें कीं, तेथें चूक लगेच दिसते आणि तिचें मोल ठरलेलें असतें. ट्रॅकवर दांडग्या इंजिनाचा मालक वळणांत गमावलेला वेळ सरळ रस्त्यावर भरून काढतो आणि आपण चांगले हांकतों अशा समजुतींत घरीं जातो. पटांगणांत सरळ रस्ताच नसतो. चाक उशिरां वळविलें कीं शंकू पडतो. वळणांत उतावळेपणानें गति वाढविली कीं मोटार फिरून उलट तोंडें उभी राहते. दोन सेकंद गेले, चार माणसें हंसलीं, झालें. डोळा पुढच्या वळणावर ठेवणें, ब्रेक लावतांच मोटारीचा भार पुढच्या चाकांवर येतो तो ओळखणें, हात हळूं आणि मन जागें ठेवणें, या विद्या तेथें स्वस्तांत मिळतात. जी विद्या तेथें मिळत नाहीं, ती म्हणजे भय ओळखून त्याच्या शेजारीं शांतपणें बसणें, आणि भोंवतालच्या माणसांचा विचार करीत हांकणें. तिच्यासाठीं ट्रॅकच पाहिजे. पण जो पटांगणांतच उतावळा आहे, त्यास ट्रॅक शहाणा करीत नाहीं. केवळ त्याच्या उतावळेपणास नऊपट शक्ति देतो.

शिवाय ट्रॅकवाल्यांनीं आपल्या कुळाचा फार अभिमान बाळगूं नये. चेन्नईच्या शर्यती इरुंगट्टुकोट्टैस जाण्यापूर्वीं शोळावरम येथें होत. तें मूळचें दुसऱ्या महायुद्धांतील विमानांचें मैदान. इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोनही तसेंच. लढाई संपल्यावर ओस पडलेल्या विमानतळावर १९४८ सालीं तेथें मोठी शर्यत झाली. आणि ज्या हैदराबादकडे आमच्या मराठवाड्याचे डोळे १९५६ पर्यंत राजधानी म्हणून लागलेले असत, तेथें ११ फेब्रुवारी २०२३ रोजीं हुसेनसागराकांठचे रस्तेच कठड्यांनीं बंद करून विजेच्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. तात्पर्य, उसनी घेतलेली मोकळी जागा, तीवर घातलेलें कुंपण आणि सर्वांनीं मान्य केलेले नियम, येवढ्यांतून ट्रॅक जन्मास येतो.

कुंपण आणि नियम हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले. कारण आमच्या भागांतील बहुतेक तरुण पटांगणांतही जात नाहींत आणि ट्रॅकवरही जात नाहींत. ते रस्त्यावर जातात. रुंद झालेला रस्ता, मध्यरात्रीची वेळ, शेजारीं मित्राची मोटार, एवढें त्यांस पुरतें. आमच्या ओळखीच्या एका घरांतील मुलगा असाच पैजेनें निघाला आणि उंसाच्या बैलगाडीवर मागून आदळला. गाडीस मागें दिवा नव्हता. मुलगा कांहीं दिवसांनीं हिंडूंफिरूं लागला. गाडीवान मात्र पाय गमावून बसला आणि त्याचा एक बैल जागींच गेला. त्या गरिबानें कोणतीही शर्यत लावली नव्हती. हरण्याचें मोल मात्र त्यानें भरलें.

आमच्या मनानें घेतलेला निवाडा हा कीं, पटांगण आणि ट्रॅक यांत भेद प्रमाणाचा आहे. रस्ता आणि हीं दोन्हीं यांत भेद जातीचा आहे. पटांगणांत चुकीचें मोल दोन सेकंद. ट्रॅकवर तें मोटार, हाड, प्रसंगीं प्राणही. पण दोन्ही ठिकाणीं तें चुकणारा भरतो, किंवा तें ठाऊक असून जे आपखुशीनें आंत आले ते भरतात. रस्त्यावर तें भलताच भरतो. खरा हौशी तो, जो आपल्या हौसेचें बिल दुसऱ्याच्या दारांत पाठवीत नाहीं. बैलांच्या शर्यतींवर २०१४ सालीं बंदी आली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस अटींसह परवानगी दिली. आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें त्यासंबंधींचा राज्याचा कायदा उचलून धरला. मुक्या जनावरांच्या धांवेसाठीं इतकी वर्षें वाद घालून ज्या समाजानें मैदान आणि अटी ठरविल्या, त्यानें आपल्या मुलांच्या वेगासाठीं एखादें कुंपणाचें मैदान ठरवूं नये काय? रागें भरून आवड मरत नाहीं. ती रात्रीच्या रस्त्यावर पळून जाते.

एवढें बोलून झाल्यावर कांहींतरी करणें भागच होतें. हळद शिजवून वाळत घालण्याचें आमचें पटांगण हंगाम सरल्यामुळें मे महिन्यांत रिकामें पडलें होतें. भाच्यानें तेलाचे रिकामे डबे मांडून त्यांतून नागमोडी वाट आंखली. मोटार दुसऱ्या गिअरच्या वर न्यावयाची नाहीं, पोरांनीं बांधाच्या आंत यावयाचें नाहीं, या आमच्या दोन अटी. पहिल्या फेरींत पांच डबे पडले. संध्याकाळपर्यंत तो एकावर आला होता. आणि तो पडलेला एक डबा उचलावयास तो स्वतः खालीं उतरला, हें आम्हांस त्याच्या सेकंदांहून अधिक आवडलें.

त्याची आई, आमची धाकटी बहीण, पदर तोंडाशीं धरून बांधावर उभी होती. मोटार थांबल्यावर ती वाटेंत गेली, आडवा झालेला डबा पाहिला आणि मुलास विचारलें, “ह्याच्या जागीं माणूस असता तर?”

“म्हणून तर डबा आहे, आई,” तो म्हणाला.

ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग तिनें निकाल दिला : वर्षभर डबे, एकही न पाडतां फेरी जमूं लागली तर चेन्नईस जाण्याचें भाडें ती देईल, आणि रस्त्यावर मोटार पळविल्याचें कानावर आलें तर किल्ली तिच्या कमरेला. आम्हीं एवढें पाल्हाळ लावून जें ठरविलें, तें तिनें तीन वाक्यांत ठरविलें. त्या निकालांत एक अक्षर बदलावें असें आम्हांस अजून वाटलेलें नाहीं.