विनिपेगची कलंडलेली ट्राम

भाचा नोकरीनिमित्त कॅनडात असतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता विनिपेगला जाऊन आलो. मॅनिटोबा प्रांताची ही राजधानी. चोहीकडे सपाट माळरान, मधून वाहणारी रेड नदी. पण आमच्या मनात घर करून राहिली ती मेन स्ट्रीटवरची कलंडलेली ट्राम! ते २०१९ साली उभारलेले स्मारक आहे. त्यामागची हकिकत वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

१९१९ साल. महायुद्ध संपले होते, महागाईने कहर केला होता. बांधकाम आणि धातुकाम करणाऱ्या कामगारांचे मागणे साधे होते : पोटापुरती मजुरी द्या आणि आमच्या युनियनशी बोलणी करा. मालक ऐकेनात. १५ मे रोजी सकाळी ७ वाजता सर्वांत आधी काम सोडले ते टेलिफोन ऑपरेटर महिलांनी. ११ वाजता सार्वत्रिक संप सुरू झाला. पावणेदोन लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात सुमारे ३० हजार कामगार बाहेर पडले. युद्धावरून परतलेले कित्येक सैनिकही त्यांच्या बाजूने उभे राहिले.

संपाची खरी कसोटी चुलीपाशी लागते. हेलन आर्मस्ट्राँग या कार्यकर्तीने व तिच्या सहकारी महिलांनी अन्नछत्र चालवले. तेथे संपकरी महिलांना जेवण मोफत मिळे. रोज हजारावर पाने उठत.

२१ जूनला मेन स्ट्रीटवर मोर्चाची गर्दी असताना एक ट्राम आली. संप मोडायला ट्राम आणली म्हणून संतप्त जमावाने ती कलंडवली, पेटवली. घोडेस्वार पोलिसांनी गोळीबार केला. दोन माणसे प्राणास मुकली. लोक त्या दिवसाला ‘रक्तरंजित शनिवार’ म्हणतात.

२६ जूनला संप मिटला. मागणी पदरात पडली नाही, उलट अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, पुढारी तुरुंगात गेले. मग हाती काय आले? १९२० च्या प्रांतिक निवडणुकीत मतदारांनी तुरुंगातल्या तिघा पुढाऱ्यांना निवडून दिले! त्यांपैकी जॉन क्वीन पुढे शहराचे महापौर झाले. आणि मालकाने युनियनशी बोलणी केलीच पाहिजेत, हा नियम कॅनडात १९४४ साली आला. तब्बल पंचवीस वर्षांनी!

ज्यांनी उपासमार सोसली त्यांच्यातले कितीतरी जण तोवर थकले असतील. फळ चाखले ते त्यांच्या मुलाबाळांनी. घरातल्या मुलांना हक्काची पगारी रजा, ठरलेले तास सहज मिळतात तेव्हा त्यांना एकदा सांगावे, बाळांनो, हे कुणीतरी आधी सोसलेले आहे.