रात्री तीनचा थेंब

आम्ही रामबागेतले, तीन पिढ्यांचे इंदूरकर. बँकेतून निवृत्त होऊन मला पंधरा वर्षं झाली.

नातू घरीच थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं काम करतो. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. मे महिन्यात वरचं कार्ड ८५ अंशांवर जायचं आणि काम रेंगाळायचं. कार्डांसाठी मी माझी एफडी मोडली होती, त्यामुळे जीव माझाही वर-खाली. तो म्हणाला, "आबा, पाणी फिरवू या." विजेच्या यंत्रात पाणी! मी उडालोच.

कार्डांचे पंखे काढले, जुनी पेस्ट पुसली, नवी लावून तांब्याचे वॉटर ब्लॉक बसवले. पंप, नळ्या, रेडिएटर जोडले. रेडिएटरही तांब्याचाच, कारण सोबत अ‍ॅल्युमिनियम आलं की ते गंजतं. पाणी नळाचं नाही, डिस्टिल्ड.

त्याला लगेच सुरू करायचं होतं. मी म्हटलं, "थांब. कॅश टॅली झाल्याशिवाय आम्ही कधी घरी गेलो नाही." कार्डांची वीज बंद, फक्त पंप चालू, जोडांखाली टिश्यू पेपर. रात्री तीनला उठलो (या वयात उठावंच लागतं), तर कागदावर रुपयाएवढा ओला डाग! एका जोडातली रबरी रिंग तिरकी बसली होती. नातवाला उठवलं. डाग बघून त्याचा चेहराच उतरला. पाणी काढून जोड नीट बसवला आणि आणखी एक दिवस थांबलो.

आता कार्डं साठीच्या आसपास राहतात. नातू मित्रांना सांगतो, "आबांनी पास केलंय."

निवृत्तीनंतर माझी सही कुणी मागितली नव्हती हो.