कुंपणाआडची सुतारकी

पुदुच्चेरीला जाणारी मंडळी समुद्र, आश्रम आणि फ्रेंच वस्ती पाहून परततात. आम्ही चार कुटुंबे रजा जोडून गेलो, ती शहरापासून दहाएक किलोमीटरवरच्या ऑरोविलमधले एक टेबल पाहायला. "टेबल पाहायला एवढा खर्च?" हे घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून घ्यावे लागलेच.

ऑरोविलची माती तांबडी, थेट आपल्या कोकणासारखी. युनिटी पॅव्हेलियन या इमारतीतील शांती-दालनात ते टेबल आहे. अक्रोडाचे लाकूड, आकार प्रचंड. पण कड सुताने आखून कापलेली नाही. खोड जसे वळले तशीच ती ठेवली आहे. जॉर्ज नाकाशिमा यांच्या कामाची ओळखच ही. लाकूड चिरले असेल तर ते लुकण भरून चीर लपवत नसत. तिच्यावर फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर बसवत आणि चीर दिसू देत. आपल्या वखारीत असले लाकूड सरपणाच्या भावाने जाते.

नाकाशिमांचा जन्म १९०५ चा, अमेरिकेतला; आईवडील जपानी. १९३० साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून वास्तुशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. १९३७ ते १९३९ या काळात पुदुच्चेरीतच आश्रमाच्या 'गोलकोंडा' या निवासी इमारतीचे काम त्यांनी पाहिले. पुढे ते मायदेशी परतले, आणि डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली. त्या आधारे सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. ना आरोप, ना खटला. केवळ जन्मावरून माणसाला वस्तीबाहेर काढणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

नाकाशिमा, पत्नी आणि तान्ही मुलगी मीरा यांची रवानगी आयडाहोमधील मिनिडोका छावणीत झाली. काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, धूळ. कुटुंबाला एक खोली. तीत खाटा, शेगडी आणि एक दिवा. बसायला पाटसुद्धा नाही! तेव्हा लोकांनी बराकी बांधताना उरलेल्या फळ्या गोळा केल्या, माळरानातली वेडीवाकडी झुडपे तोडून आणली आणि खुर्च्या, कपाटे केली. आर्कान्सासच्या छावण्यांतले लोक दलदलीतून झाडांची मुळे आणि गाठी वेचून आणत, साल काढून घासूनपुसून चकाकवत. मुळाचा मूळ आकार तसाच राखलेल्या या शिल्पांना ते 'कोबू' म्हणत.

मिनिडोकात गेंतारो हिकोगावा नावाचे, जपानमध्ये परंपरेने शिकलेले सुतार होते. एवढा शिकलेला वास्तुशास्त्रज्ञ त्यांचा शागीर्द झाला! आपला सुतार रंधा पुढे ढकलतो, जपानी सुतार तो स्वतःकडे ओढतो, करवतीचेही तेच. ही हत्यारे धरण्यापासून सांधा बिनचूक बसवण्यापर्यंतचे काम नाकाशिमा या गुरूजवळ शिकले. आमच्याकडे डिप्लोमावाला साहेब मिस्त्रीला अरे-तुरे करतो, ते आठवल्यावाचून राहिले नाही.

१९४३ मध्ये त्यांचे जुने वरिष्ठ अँटोनिन रेमंड यांनी हमी घेऊन त्यांना सोडवले. पेनसिल्व्हेनियातील न्यू होप येथे रेमंड यांच्या शेतावर राबत राबत नाकाशिमांनी पुढे स्वतःचा कारखाना उभा केला, तोही इतरांनी नाकारलेल्या फळ्यांवर. सरकारने माफी मागितली ती १९८८ साली. हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

प्रत्येक खंडात शांततेसाठी एक टेबल असावे, असा त्यांचा मनोदय होता. पहिले १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॅथेड्रलमध्ये गेले. १९९० मध्ये ते वारले. आशियासाठीचे हे टेबल १९९६ साली ऑरोविलला आले, तेव्हा कारखाना सांभाळत होती मीरा, छावणीतली तीच तान्ही मुलगी.

दक्षिणेच्या सहलीला जाणाऱ्यांनी तेथील वेळा आधी विचारून घ्याव्यात. मुलांना न्यावे, आणि त्यांना वाकून ती कड नीट पाहू द्यावी. आमची धाकटी तिच्यातली वळणे मोजत बसली आणि आमची परतीची बस चुकली.